न मागता वाजलेली गाणी

आमच्या साप्ताहिकाचं पहिलं पान सोडून लोक आधी तिसरं उघडायचे, आणि हे दुःख आमच्या संपादकांना चांगलंच पुरलं. पहिल्या पानावर ते स्वतः अग्रलेख लिहीत. तिसऱ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात ‘गाडीतली दहा’ हे सदर असे, आणि ते लिहायचे एसटीतले एक कंडक्टर, लाडकदादा. त्या आठवड्यात डहाणू ते तलासरी रस्त्यावर सगळ्यात जास्त कोणती दहा गाणी वाजली, कोणतं वर चढलं, कोणतं घसरलं आणि का, हे त्यात असायचं. एका गाण्यावर दोन-तीन ओळी. एवढ्यासाठी लोक गुरुवारी स्टँडवर अंकाची वाट बघत उभे राहायचे.

सुरुवात तक्रारीने झाली. तेव्हा आम्ही कुठल्याशा एजन्सीकडून येणारी ‘देशातली टॉप टेन गाणी’ जागा भरायला छापत होतो. टाइपिंग आणि पानं लावणं माझ्याकडे होतं आणि अजूनही आहे. गाण्यांशी माझा संबंध फॉन्टच्या आकारापुरता. एका दुपारी खाकी कपड्यातला, सडपातळ, केसांना चापून तेल लावलेला माणूस डहाणू रोडच्या आमच्या कचेरीत आला. त्याने अंक माझ्या टेबलावर पसरला आणि यादीवर बोट ठेवलं.

“ही दहा गानी कुठच्या गावात वाजतात, बाय?”

“देशात वाजतात,” मी म्हणाले. मी त्या दिवशी आधीच कातावलेली होते, प्रिंटर शाई खात होता.

“मी डहाणू, बोर्डी, तलासरी रोज चार फेऱ्या मारतो. वेवजीला दोन. यातला एक पन गाना माझ्या गाडीत वाजत नाय, मांडवात नाय, नाक्यावर नाय. मग देश सुरू कुठून होतो?”

आतून आमचे संपादक नवीनभाई हसत बाहेर आले. ते छापखान्याचे मालकही होते. “तो मग तुम्हीच लिहा ने, लाडकभाई! आम्ही छापू.” नवीनभाईंना वाटलं माणूस लाजून निघून जाईल. माणूस पुढच्या मंगळवारी सदर घेऊन हजर.

मी बोर्डीची. रोज सकाळी त्यांच्याच गाडीने कचेरीत यायचे. त्यामुळे पुढे असा परिपाठच पडला की मंगळवारी तिकिटाबरोबर मला सदर मिळायचं. जुन्या वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, कोऱ्या बाजूवर, बारीक, सरळ अक्षरात. एकही खाडाखोड नाही. मी त्यात काना-मात्रेपलीकडे कधी हात घातला नाही, आणि हे मी आमच्या अग्रलेखाबद्दल म्हणू शकत नाही.

एक नमुना देते. “पहिला नंबर, सलग सहावा आठवडा, ‘चार्जर दे ना गो’. वेवजीत एका दुपारी तीन मांडवांत हेच वाजत होतं. तिघांचे जनरेटर मागेपुढे सुरू झाल्यामुळे गाणंही मागेपुढे. मधल्या मांडवातल्या नवऱ्याला कोणत्या तालावर नाचावं कळेना. तो बसला.” किंवा, “चौथा नंबर ‘हेल्मेटवाली’, दोन पायऱ्या खाली. गाण्यात बिघाड नाही. शाळांच्या परीक्षा सुरू झाल्या.” किंवा, “नववा नंबर नवीन दाखल. गाणारा पहिल्या कडव्यात बायकोशी भांडतो, दुसऱ्यात माफी मागतो. बायकांना दुसरं पाठ आहे.”

हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण पद्धत कडक होती. दादांकडे जुना तिकिटाचा पंच होता, हातात धरून दाबला की तिकिटाला भोक पाडणारा. तिकिटाची मशीनं आली तेव्हा सगळ्यांनी पंच डेपोत जमा केले. दादांनी ‘हरवला’ असा अर्ज दिला. “आयुष्यात एवढाच खोटं लिवला,” असं ते म्हणायचे, आणि दर वेळी म्हणताना थोडे कावरेबावरे व्हायचे. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी कार्डं केली होती. पुढच्या बाजूला श्री गणेशाय नमः आणि वधूवरांची नावं, मागच्या कोऱ्या बाजूला गाण्याचं नाव. एका गाण्याला एक कार्ड. गाणं कानावर पडलं की खिशातून कार्ड निघायचं आणि टिक. कोणाच्या फोनवर, रिक्षात, चहाच्या टपरीवर, मांडवात, कुठेही. सोमवारी रात्रीपर्यंतची भोकं मोजायची, मंगळवारी यादी.

नियम दोनच. एक, स्वतःच्या कानाने ऐकलेलंच मोजायचं. कोणी सांगितलेलं नाही. आणि दुसरा, जो त्यांच्या तोंडात कायम असायचा: न मागता. कोणी त्यांना ऐकवण्यासाठी वाजवलेलं गाणं मोजायचं नाही. घरी ऐकलेलं मोजायचं नाही. ते आपोआप, आपल्या मर्जीने वाजलं पाहिजे. हळूहळू दुनियेतल्या सगळ्याच गोष्टी ते या मापाने मोजायला लागले. नवीनभाई एकदा फुशारकीने म्हणाले, “आमदारांनी माझ्या अग्रलेखाची तारीफ केली.” दादांनी शांतपणे विचारलं, “न मागता?” नवीनभाई आत गेले आणि दार लावून घेतलं.

तलासरी नाक्यावर बंटी म्हणून एक डीजेवाला होता. त्याने दादांची गाडी वळणावर दिसली की आपलं नवं गाणं मोठ्याने लावायचा सपाटा लावला. आठवडाभर रोज, प्रत्येक फेरीला. गुरुवारी सदराच्या तळाशी ओळ आली: “तलासरी नाक्यावर एक गाणं फक्त माझी गाडी आली की वाजतं आणि गाडी गेली की थांबतं. गाणं लाजाळू आहे. यादीत घातलं तर मरेल.” बंटी पुढे दोन महिने तोंड लपवून फिरत होता. नंतर त्याचंच एक गाणं चांगलं निघालं, तेव्हा दादांनी ते तिसऱ्या नंबरवर घेतलं आणि लिहिलं की आता याची लाज गेली.

यादीला वजन होतं, ते मला उशिरा कळलं. लग्नाच्या घरचे लोक सदर कापून डीजेवाल्याच्या हातात द्यायचे, “यातली सगळी वाजव.” मांडवात जनरेटरजवळ बांबूला आमच्या पेपरचा तो तुकडा खोचलेला मी स्वतः पाहिला आहे. यादीत आलं की गाणं वाजायचं, गाणाऱ्याला बोलावणी यायची. यादीत नसेल तर गाणारा आपल्या पाड्यात.

मी एकदा जाहिरातीला जागा कमी पडते म्हणून दहावा नंबर उडवला होता. मला वाटलं, दहाव्याकडे कोण बघतंय! दादा सुट्टीच्या दिवशी, धुतलेला पांढरा शर्ट घालून, वेवजीहून खास त्यासाठी आले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, मला ते जमतं. ते एवढंच म्हणाले, “बाय, दहावा काढलास तं पहिला पन खोटा झाला. वाचलावतास ना काढायच्या आधी?”

“हो, वाचला होता.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “नाय वाचलास.”

खरंच नव्हता वाचला. तीस-पस्तीस वर्षं गाडीत काढलेला माणूस तो. साठ माणसांच्या गर्दीत कोणाकडे तिकीट नाही, हे नुसते चेहरे बघून सांगायचा, आणि त्याचा अंदाज चुकलेला कोणी पाहिला नव्हता. त्यांच्यासमोर खोटं बोलायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. ते दोनदा मोडलं. त्यातलं दुसरं सांगायला मी हे सगळं लिहिते आहे.

दादांना एक मुलगी, सविता. वेवजीच्या एका पाड्यात घर, बायको आधीच गेलेली. सविता लग्नांत वाजवणाऱ्या तिथल्या एका बेंजो पार्टीत मागे उभी राहून कोरसमध्ये गायची. दिसायला बापासारखीच सडपातळ, बोलायला बापापेक्षा चारपट. कधी गाडीत भेटली की माझ्या शेजारी बसून तिचं सुरू: “ताई, बाबाला सांगा ना जरा, घरात पन ‘न मागता’ करतो. चहा पन मागत नाय, मग म्हणतो दिला नाय!”

तिने स्वतः एक गाणं बांधलं. ‘आंब्याखाली गाडी थांबव’. त्यांच्या पाड्याच्या फाट्याला स्टँड नाही, एक आंबा आहे. लहानपणी आई बाजार करून बापाच्याच गाडीने यायची, आणि ही आंब्याखाली वाट बघायची. गाण्यात तेवढंच आहे: ‘आंब्याखाली गाडी थांबव, कंडक्टर दादा, माझी आई उतरायची हाय.’ ढोल नाही, बेस नाही. टाळीचा ठेका आणि तिचा बारीक, उंच आवाज. एका मैत्रिणीच्या फोनवर रेकॉर्ड केलं आणि फोनाफोनांत सोडून दिलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले, कारण समोर बघण्यासारखे माझे डोळे राहिले नव्हते.

पार्टीच्या मालकाने तिला सांगितलं, दिवाळीपर्यंत तुझं गाणं यादीत येऊ दे, या सीझनला पुढे उभी राहून तू गाशील. नाही आलं तर सीमेपलीकडून एक गाणारी ठरवली आहे. सविताला दुसरा रस्ताही तयार होता: सीमेपलीकडच्या कारखान्यात पॅकिंगचं काम. पाड्यातल्या निम्म्या मुली तिथेच जात होत्या, सकाळी टेम्पोत उभ्या राहून.

बापाला तिने एकदाच विचारलं. तिनेच मला सांगितलं ते. “बाबा म्हणतो, तीन जागी आयकू दे. मग दहावा नंबर देतो, एक भोक जास्त नाय, एक कमी नाय. मी म्हटलं बरं. त्याला घरी आयकवला, त्याने मान हलवली. पन ताई, मान ठेक्यावर नव्हती.” आणि ती हसली. मीही हसले. तेव्हा आम्हा दोघींनाही त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही.

दादा त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले होते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्याच गाडीत चढले आणि नव्या कंडक्टरसमोर हात पुढे करून म्हणाले, “एक तलासरी.” तो बिचारा इतका गोंधळला की त्याने त्यांनाच डबल बेल द्यायला सांगितली. यादीसाठी त्यांना फिरणं भाग होतं. सवयीने पुढच्या दांडीला टेकून उभे राहायचे, जागा असली तरी बसायचे नाहीत, कार्डांचा गठ्ठा वरच्या खिशात.

दसरा गेला तरी सविताचं गाणं यादीत आलं नाही. दादा थकलेले दिसायला लागले. वेवजीची शेवटची फेरीही करायचे, पाड्यापाड्यावर उतरायचे, टपरीवर तासतासभर थांबायचे. आपल्या पोरीचं गाणं कुठेतरी आपोआप वाजावं म्हणून हा माणूस उन्हात उभा राहतोय, आणि कोणाला ‘लाव’ असं मात्र म्हणत नाहीये, याचा मला संताप यायचा. एका मंगळवारी मी म्हणालेच, “दादा, एक भोक पाडलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“बाय,” ते म्हणाले, “बंटीला मी कुठच्या तोंडाने बोललो?”

पुढच्या सोमवारची गोष्ट. गाडी बोर्डीहून निघाली. मी दुसऱ्या बाकावर, दादा माझ्यापुढे दांडीला टेकून उभे. माझ्या मागच्या बाकावर कॉलेजच्या दोन मुली. त्यातल्या एकीच्या फोनवर गाणं सुरू झालं, ‘आंब्याखाली गाडी थांबव’. मी दादांकडे पाहिलं. आता हात खिशात जाईल. आता टिक होईल. मुलीने गाणं पुन्हा लावलं, दुसरी बरोबर गुणगुणायला लागली. दादा बाहेर चिकूच्या वाड्यांकडे बघत होते. त्यांच्या आणि त्या फोनच्या मध्ये दोन हातांचं अंतर असेल.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हट्टी म्हातारा! पोरीचं आहे म्हणून मुद्दाम मोजत नाही. डहाणू येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना धुऊन काढलं. मग गावात शिरताना एका दुकानापुढच्या मोठ्या स्पीकरवर डीजेचं गाणं धडधडत होतं. दादांचा हात झटकन खिशात गेला, कार्ड निघालं, टिक.

कचेरीत पोचल्यावर मी चहासुद्धा न घेता फायली काढल्या. पावसाळ्यापासूनचे सगळे अंक टेबलावर मांडले आणि तिसरी पानं उघडली. आषाढात यादीत बाईच्या आवाजाची चार गाणी होती. श्रावणात दोन. गणपतीनंतर एक, तेही ढोलाचं. नवरात्रानंतर एकही नाही. ही पानं मीच लावली होती, एकेक अक्षर माझ्या हाताखालून गेलं होतं, आणि मला काही दिसलं नव्हतं. सगळी वरची गाणी धडधडणारी, जाड आवाजाची, छातीत वाजणारी. इंजिनाशेजारी इतकी वर्षं काढून दादांच्या कानातून बारीक आवाज एकेक करून उतरून गेले होते, आणि ते त्यांनाही माहीत नव्हतं. माणसाला न आलेला आवाज आला नाही हे कसं कळणार? ते माझ्याशी बोलायचे तेव्हा माझ्या तोंडाकडे बघायचे. मला वाटायचं, कंडक्टरची सवय आहे.

मी त्यांना सांगायला हवं होतं. मंगळवारी सकाळी गाडीत सदर हातात आलं, त्यांनी मान हलवली, म्हणाले, “या आठवड्यात पन नाय वाजला गो पोरीचा.” मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “वाजेल, दादा.” खोटं न बोलण्याचं ठरवलेलं पहिल्यांदा मोडलं ते इथे. तीस वर्षं कंडक्टर राहिलेल्या माणसाला भर गाडीत ओरडून सांगायचं का, की तुम्हाला ऐकू येत नाही? हळू सांगितलं तर ऐकू गेलं नसतं.

मग मी जे केलं ते मूर्खपणाचं होतं, आणि मी ते चांगल्या मनाने केलं, त्यामुळे जास्तच मूर्खपणाचं. मी त्यांचा दहावा नंबर काढला आणि तिथे सविताचं गाणं टाकलं. खाली त्यांच्या ढंगात एक ओळ लिहिली: “टाळीचं गाणं आहे, मोठ्याने लावू नका.” मला वाटलं होतं, मी ऐकलं आहे, खरंच वाजलं आहे, न मागता वाजलं आहे, मग खोटं कुठे?

गुरुवारी अंक निघाला. शुक्रवारी सकाळी दादा कचेरीत. पांढरा शर्ट.

“ह्ये कोनी लिवला?”

“मी.”

“कुठं आयकलास?”

“तुमच्या गाडीत. सोमवारी. मागच्या बाकावरच्या मुलीच्या फोनवर, दोन वेळा. दादा, तुम्ही तिथेच उभे होतात.” मी हे मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून म्हणाले.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इतका वेळ कोणी माझ्याकडे असं बघितलेलं नाही. त्या चेहऱ्यावर एकदा तरी खोटं सापडू दे, अशी त्यांची धडपड मला दिसत होती, आणि ते सापडत नव्हतं.

“न मागता?” त्यांनी विचारलं.

“न मागता.”

ते खुर्चीत बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी जुने अंक पुढे ठेवले. त्यांना समजावावं लागलं नाही, दोन पानं उलटल्यावर ते स्वतःच बोट ठेवत गेले. मग कोरा कागद मागितला आणि तिथेच लिहायला लागले. ते शेवटचं ‘गाडीतली दहा’ माझ्या फायलीत आहे. त्यात पहिल्यांदाच खाडाखोड आहे.

त्यात त्यांनी लिहिलं होतं की मागच्या अंकातलं दहावं गाणं रद्द समजावं, कारण ते माझ्या कानाने ऐकलेलं नाही. माझा कान अर्धा गेला आहे, हे मला आज समजलं. पावसाळ्यापासूनच्या सगळ्या याद्या अर्ध्या आहेत. ज्या बायांची गाणी वाजली आणि मी लिहिली नाहीत, त्यांची मी माफी मागतो. यादी आजपासून बंद.

“दादा, गाणं राहू द्या,” मी अक्षरशः हात जोडले. “बाकी सगळं लिहा, गाणं राहू द्या.”

“मी आयकला नाय, बाय.”

नवीनभाईंनी तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. “अरे बेन, हे कसं छापायचं? चार महिने बहिऱ्या माणसाची यादी छापली असं लोक बोलणार. पेपरची आबरू काय राहील?” मी भांडले. मला येतं तेवढं सगळं भांडले. राजीनामा देते म्हटलं. घरी दोन मुलं आणि आजारी सासू आहे, हे नवीनभाईंना माहीत होतं आणि मलाही. शेवटी ‘गाडीतली दहा’च्या जागी एका साउंड सर्व्हिसची जाहिरात लागली, आणि तिच्याखाली बारीक टाइपात एकच ओळ: ‘मागील अंकातील दहावे गाणे रद्द समजावे.’ ती ओळ मी माझ्या हाताने लावली.

पुढचं कोणीही सांगेल. बापाने पोरीला यादीत घुसवलं, कोणीतरी बोललं, मग लाजेखातर काढलं. वेवजीपासून तलासरीपर्यंत लोकांच्या तोंडी हेच झालं. पार्टीच्या मालकाने पलीकडची गाणारी उभी केली. बंटी तेवढा कचेरीत येऊन मला म्हणाला, “ताई, दादा असं करणार नाय, काहीतरी दुसरंच हाय.” मी सगळ्यांना सांगत सुटले की तो उद्योग माझा होता. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, तुम्ही बिचाऱ्या त्यांना सांभाळून घेताय. मी दुरुस्ती छापा म्हणून नवीनभाईंच्या मागे लागले. ते म्हणाले, जखमेवरची खपली काढू नका. एका माणसाच्या चांगल्या नावाला भोक पाडायला मला एक ओळ पुरली होती, बुजवायला मात्र काहीच पुरेना.

सविता रागावली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. कारखान्याच्या टेम्पोतून उतरताना एकदा भेटली. “ताई, तुम्ही निदान छापला तरी,” म्हणाली. तिने बापाला वापीला डॉक्टरकडे नेलं, कानाचं मशीन आणलं. दादांनी ते चार दिवस लावलं आणि डबीत ठेवलं. हॉर्न, भांडी, माणसं, सगळं एकाच मापात येतं म्हणाले. घरी बोलण्यापुरतं लावायचे. यादी काढायला कोणी परत सांगितलं की म्हणायचे, “मशीन आयकतो, मी नाय.”

गाण्याचं आयुष्य एका सीझनचं. लग्नं सरली, तसं ते टाळीचं गाणंही फोनांमधून गेलं. कोणी मुद्दाम काढलं नाही. नवी आली, जुनी खाली गेली. दादांनीच कधीतरी लिहिलं होतं की गाणं पडत नाही, त्याच्यावर दुसरं येऊन बसतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या माघात, तलासरी स्टँडवर, दुपारी तीनच्या सुमाराला. मी एका नातेवाइकाकडून परत निघाले होते. हायवेच्या गाड्या जात-येत होत्या. दादा कट्ट्यावर बसले होते, मशीन लावलेलं नव्हतं. मला बघून उठले, माझी पिशवी हातातून घेतली, मला गाडीपर्यंत सोडायला आले. वाळले होते. वरच्या खिशात गठ्ठा नव्हता, एकच कार्ड होतं, आणि पंच.

बोर्डीची गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसले, ते खाली उभे राहिले. गाडीत कॉलेजच्या मुली होत्या, प्रत्येकीच्या हातात फोन. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिशातून ते कार्ड काढलं. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, मागे बारीक अक्षरात ‘आंब्याखाली गाडी थांबव’. दुसऱ्या हातात पंच.

“बाय,” त्यांनी जरा वर मान करून विचारलं, “वाजतंय काय?”

आयुष्यभर दुसऱ्याच्या कानावर विश्वास न ठेवलेला माणूस मला विचारत होता. मी मागे वळून पाहिलं. मुली कानांत वायरी घालून बसल्या होत्या. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. त्या गाडीत इंजिनाशिवाय काहीही वाजत नव्हतं.

“वाजतंय,” मी म्हणाले. “मागच्या बाकावर. हो, वाजतंय, दादा.”

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही, जमेल तेवढं हसले. पंचाच्या तोंडात त्यांनी कार्ड घातलं होतं. मग ते हळूच काढून घेतलं, पंच खिशात ठेवला आणि खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर दोनदा थोपटलं, जसं रडणाऱ्या मुलाला थोपटतात.

“बस नीट,” ते म्हणाले. “गाडी सुटते.”

थोपटताना कार्ड त्यांनी माझ्या बोटांत सरकवलं होतं, हे मला बोर्डी जवळ आल्यावर कळलं. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कोणाच्यातरी लग्नाची छान गुलाबी पत्रिका आहे, कडेला सोनेरी वेलबुट्टी, आणि तिला एकही भोक नाही.